ओरिजिनल इंजिन म्हणजे नेमकं काय?
(एका जुन्या जीप-पिकअपच्या तपासणीवरून)

"गाडी एकदम ओरिजिनल आहे" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. सेकंड हँड बाईक विकणारा म्हणतो, गॅरेजवाला म्हणतो, आणि आपल्या होस्टेलच्या पार्किंगमधली ती प्रसिद्ध यामाहा ज्याच्या मालकीची आहे तो तर दिवसातून दोनदा म्हणतो. पण 'ओरिजिनल' हे सिद्ध कसं करायचं, असा प्रश्न व्हायवाला आला तर किती जणांना उत्तर देता येईल? मला आलं नसतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो प्रश्न खरोखरच समोर आला, आणि मार्कांऐवजी पैसे पणाला लागले होते. दुसऱ्याचे.

माझ्या रूम पार्टनरचे मामा अहेरीच्या अलीकडे एका गावात राहतात. त्यांच्या गोठ्याच्या बाजूच्या छपरात एक जुनी जीप उभी आहे. जीप म्हणायचं की पिकअप, हा वाद आहे. समोरचा भाग लढाईतल्या जीपचा. मागची बॉडी कापून तिथे सागवानी फळ्यांचा हौदा बसवलेला. मामांच्या वडिलांनी ती डिस्पोजलमध्ये आलेल्या मालातून एका लाकूड ठेकेदाराच्या मार्फत घेतली होती. बांबू, तेंदूपानाची पोती, बाजाराच्या दिवशी माणसं आणि कोंबड्या, असं सगळं तिनं वाहिलं. पंधरा-वीस वर्षांपासून ती बंदच होती, आणि मधल्या काळात कोणीतरी हेड उघडून तसंच ठेवलं होतं.

मग नागपूरहून एक गिऱ्हाईक आलं. जुन्या लष्करी जीप दुरुस्त करून मूळ रूपात आणणारे जे हौशी लोक असतात, त्यांपैकी एक. त्यांनी सांगितलं, "इंजिन युद्धकाळातलं मूळचं असेल तर एक किंमत, नसेल तर निम्मीसुद्धा नाही." मामांच्या मुलीची पुढच्या वर्षी ॲडमिशन आहे. मामा आम्हाला म्हणाले, "अबे पोट्टेहो, तुम्ही मेकॅनिकल शिकता ना? मंग सांगा मले, हे इंजिन माह्या बापाच्या येळचं हाय का नाही?"

आता काय! तिघेजण निघालो. सोबत व्हर्नियर, टॉर्च, वायर ब्रश, थ्रेड पिच गेज, आणि लॅब असिस्टंट सरांनी सही घेऊन दिलेला बोअर गेज. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा एसटीचा प्रवास. त्या बोअर गेजची पेटी मी पूर्ण रस्ताभर मांडीवर धरून बसलो होतो, कारण फुटला असता तर टर्म ग्रँट झाली नसती.

आधी व्याख्या

तपासणी सुरू करण्यापूर्वी आपण नेमकं काय शोधतोय ते ठरवायला हवं. 'ओरिजिनल' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिली म्हणजे कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा तिच्यात जो भाग होता, तोच आजही आहे. दुसरी, भाग बदललेला आहे, पण त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा आणि त्याच काळातला. तिसरी, भाग नंतरच्या काळातला आहे पण मापानं बसतो आणि काम देतो. विकणारा तिसरी गोष्ट दाखवतो आणि पहिलीची किंमत मागतो. बऱ्याचदा त्यात फसवणुकीचा हेतूही नसतो, त्याला स्वतःलाच फरक माहीत नसतो.

शिवाय काही भाग मूळचे असावेत अशी अपेक्षाच चुकीची आहे. पिस्टन रिंग, गॅस्केट, बेअरिंगचे शेल, फॅन बेल्ट, प्लग, होज पाईप हे झिजण्यासाठीच बनवलेले असतात. ऐंशी वर्षं जुन्या गाडीत हे सगळं मूळचं सापडलं, तर एक तर ती गाडी चाललीच नाही किंवा कोणीतरी खोटं बोलतंय. खरा प्रश्न असतो ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, मॅनिफोल्ड आणि मग कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो यांचा. त्यातही ब्लॉक हा राजा, कारण इंजिन नंबर त्याच्यावर असतो.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या जीपला 'एमबी' म्हणतात, आणि तोच नमुना फोर्ड कंपनीनंही बनवला, त्याला 'जीपीडब्ल्यू' म्हणतात. दोघांचं इंजिन एकाच आराखड्याचं: चार सिलिंडर, साईड व्हॉल्व्ह, बोअर ३ १/८ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच, ताकद ६० हॉर्सपॉवर. 'गो डेव्हिल' हे त्याचं टोपणनाव. भाग एकमेकांना बसावेत अशीच लष्कराची अट होती.

युद्ध संपल्यावर यातल्या बऱ्याच गाड्या इथेच राहिल्या आणि लिलावात निघाल्या. जंगलाच्या जिल्ह्यांना चारही चाकांना जोर मिळणारी गाडी म्हणजे वरदानच होतं. १९४७ नंतर महिंद्र कंपनीनं विलीज जीप भारतात जोडायला सुरुवात केली, आणि पुढे ज्या 'सीजे-३बी' जीप आपल्या भागात सगळीकडे दिसत, त्यांत वेगळं इंजिन होतं: 'हरिकेन'. बोअर-स्ट्रोक तेच, पण इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये वर नेलेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच ठेवलेले. याला एफ-हेड म्हणतात. वर व्हॉल्व्ह आले म्हणून इंजिनाची उंची वाढली, आणि ते मावावं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. सीजे-३बी जीपचं ते उभट, गंभीर तोंड डिझायनरच्या हौसेतून आलेलं नाही, व्हॉल्व्हमुळे आलंय. महिंद्रच्या एफसी-१५० या चपट्या नाकाच्या पिकअपमध्येही हेच हरिकेन इंजिन होतं.

म्हणजे पहिली ओळख पाना न लावता होते. हेड ही नुसती एक सपाट लोखंडी लादी आहे, वर रॉकर कव्हर नाही, आणि कार्ब्युरेटर बाजूच्या मॅनिफोल्डवर बसलाय, तर ते साईड व्हॉल्व्ह इंजिन. वर रॉकर कव्हर आहे आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसलाय, तर हरिकेन; कारण त्यात इनलेट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. आणि डिस्ट्रिब्युटरच नसेल, इंजेक्शन पंप दिसत असेल, तर प्रश्न मिटला. पेट्रोल महागल्यावर आपल्याकडे कितीतरी जीपांत डिझेल इंजिनं टाकली गेली; मॅटाडोरचं इंजिन बसवलेल्या जीप तर गावोगाव होत्या.

मामांच्या गाडीत सपाट हेडवालं साईड व्हॉल्व्ह इंजिन होतं. चेसिसचा समोरचा आडवा दांडा गोल नळीचा होता. हाही एक चांगला पुरावा: विलीजच्या चेसिसला तिथे गोल नळी असते, फोर्डच्या चेसिसला चौकोनी. म्हणजे चेसिस विलीज एमबीचं. मामा खूश झाले. आम्हीपण.

कागद आणि नंबर

आरसी बुकात इंजिन नंबर 'एमबी' या अक्षरांनी सुरू होणारा होता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या भागातल्या जुन्या गाडीचे कागद कितीदा बदलले असतील बघा. चांदा जिल्हा आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० पासून मध्य प्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात. मग १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आणि आता एमएच-३३. प्रत्येक वेळी कोणीतरी जुन्या कागदावरून नव्या कागदावर हातानं नंबर उतरवणार. एक आकडा चुकणं अगदी शक्य असतं. म्हणून नंबर जुळला नाही तर लगेच चोरीचा संशय घेऊ नये, आणि जुळला तर लगेच पेढे वाटू नयेत. दुसरा भाग आम्ही विसरलो.

एमबीच्या ब्लॉकवर उजव्या अंगाला, पुढच्या टोकाकडे, ऑइल फिल्टरच्या जवळ एक छोटी सपाट जागा असते, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. तिथे अर्धा इंच काळा मळ होता. रॉकेल आणि वायर ब्रशनं तो काढला, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली (आरटीओत चेसिस नंबरचा ठसा घेतात तसा), आणि नंबर उमटला. आरसी बुकाशी तंतोतंत जुळला. रूम पार्टनरनं तिथेच मामांना टाळी दिली.

पण ठोकलेला नंबर आणि ओतलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी गंमत इथेच आहे. ठोकलेला नंबर खोल गेलेला असतो, तो त्या एकाच इंजिनाचा असतो, आणि तो पंच-हातोडीनं कोणालाही ठोकता येतो. ओतलेला नंबर वर उठलेला असतो. तो साच्यातच असतो, त्यामुळे त्या साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकांवर तोच असतो. त्यावरून ही गाडी कोणाची हे कळत नाही, पण हा ब्लॉक कोणत्या नमुन्याचा आणि साधारण कधीचा हे कळतं. तो नंतर कोणी टाकू शकत नाही; ब्लॉक पुन्हा ओतावा लागेल. थोडक्यात, ठोकलेला नंबर हा साक्षीदाराचा जबाब आहे आणि ओतलेला नंबर हाताचा ठसा.

ओतकामाची तारीखही असते. युद्धकाळातल्या विलीज ब्लॉकवर ती तेल भरण्याच्या नळीच्या मागे सापडते. शेवरोलेच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांवर (जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे, त्यामुळे तीही इंजिनं आपल्याकडे फिरली) महिन्यासाठी इंग्रजी अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं. मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. नियम साधा आहे: ब्लॉक गाडीपेक्षा आधी जन्मलेला पाहिजे. गाडी १९४४ ची आणि ब्लॉक त्यानंतरचा, तर ब्लॉक बदललेला. नातू आजोबांच्या लग्नाला हजर असू शकत नाही.

युद्धकाळातल्या जीपच्या ब्लॉकवर बहुधा ६३८६३२ हा ओतलेला नंबर असतो. युद्धानंतरच्या सीजे जीपांच्या साईड व्हॉल्व्ह ब्लॉकवर ६४१०८७ दिसतो. मी टॉर्च धरला, मित्रानं ब्रश मारला, आणि एकेक आकडा वर येत गेला. सहा, चार, एक...

कोणी काही बोललं नाही. मामांनी विचारलं, "काय झालं?"

नंबर खोटा की ब्लॉक?

आता दोन पुरावे एकमेकांच्या विरुद्ध उभे होते. ठोकलेला नंबर सांगतोय, मी युद्धातला. साचा सांगतोय, मी युद्धानंतरचा. दोन्ही खरे असू शकत नाहीत. अशा वेळी तिसरा पुरावा शोधायचा, आणि तो पहिल्या दोघांवर अवलंबून नसलेला पाहिजे. (लॅबमध्ये तीन रीडिंग घेऊन सरासरी काढायची सवय इथे उपयोगाची नाही. खऱ्या आणि खोट्याची सरासरी निघत नसते.)

आधी नंबरची जागा भिंगातून पाहिली. कारखान्यात ती जागा मशीनवर सपाट केलेली असते, त्यामुळे तिच्यावर टूलच्या बारीक, समांतर रेघा असतात. इथे कानशीच्या तिरप्या रेघा होत्या, एकमेकांना छेदणाऱ्या. आकडे एका ओळीत नव्हते. एक आकडा खोल, पुढचा उथळ. म्हणजे एकेक पंच हातात धरून ठोकलेले.

इथे एक सावधगिरी. लढाईच्या घाईत कारखान्यातही कामगार हातानंच पंच मारत. त्यामुळे आकडे वाकडे आहेत एवढ्यावरून निकाल देता येत नाही. कानशीच्या रेघा जास्त बोलक्या, कारण नव्या ब्लॉकवर कानस मारायचं कारण काय?

आपल्या मटेरियल सायन्समध्ये याचा पुढचा भाग येतो. पंच मारला की धातू फक्त वरून दबत नाही, खालच्या कणांचीही रचना बिघडते. वरचा आकडा घासून काढला तरी खालचा बिघडलेला थर राहू शकतो, आणि कॉपर क्लोराईड व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणानं तो भाग वेगळ्या वेगानं झिजून जुना आकडा पुसट दिसू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत चोरीच्या गाड्यांचे नंबर या तत्त्वावर शोधतात. आमच्यातल्या एकाला लगेच हा प्रयोग करून बघायचा होता. त्याला अडवलं. तो नंबर कायद्यानं पुरावा आहे. त्याच्यावर आम्ल ओतणं किंवा साधा ग्राइंडर लावणं हे आपलं काम नव्हे.

तिसरा पुरावा टायमिंग कव्हरच्या आत होता. युद्धकाळातल्या इंजिनात क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्टला चेननं फिरवलं जातं. १९४६ च्या सुमारास विलीजनं चेन काढून गिअर टाकले. हा फरक लहान वाटतो, पण विचार करा: चेनवर दोन्ही शाफ्ट एकाच दिशेनं फिरतात, दोन गिअर एकमेकांत अडकवले की उलट दिशेनं. कॅमशाफ्टची दिशा बदलली की त्याच्यावर चालणारा ऑइल पंप आणि त्यातून फिरणारा डिस्ट्रिब्युटर या दोघांचा हिशेब बदलतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या इंजिनांचे ऑइल पंपाचे गिअर वेगळे असतात. नुसता ब्लॉकच नव्हे, सगळं कुटुंबच वेगळं. बाजारातून आणलेला पंप "बसतो" म्हणून बसवला आणि इंजिन धड चाललं नाही, असे प्रकार यातूनच होतात.

गावातल्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी पुली काढली, कव्हर काढलं. आत गिअर.

मिसळ

मग वाटेल ते सापडायला लागलं, आणि खरं सांगायचं तर हा भाग सगळ्यात मजेचा होता.

पाण्याच्या आउटलेटच्या दोन बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' अक्षर होतं, तिरप्या वळणाचं. ही फोर्डची खूण. फोर्डनं आपल्या जीपीडब्ल्यूच्या कितीतरी भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, हे अक्षर उमटवलं होतं. आता विलीजचं चेसिस, युद्धानंतरचा ब्लॉक आणि फोर्डचे बोल्ट! पण यात लबाडी असायलाच पाहिजे असं नाही. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं ढिगानं खोलली जात, धुतली जात आणि समोर येईल तो भाग लावून पुन्हा जोडली जात. फोर्डचा रॉड विलीजमध्ये, विलीजचं हेड फोर्डमध्ये. त्यामुळे लढाईतून आलेल्या जीपमध्ये सगळे भाग एकाच कंपनीचे सापडले, तर ते नंतर कोणीतरी निवडून लावलेले असण्याची शक्यताच जास्त. शुद्धतेचा जास्त हट्ट धरू नये.

बाकीच्या बोल्टांसाठी पान्यांची युक्ती चाचांनी शिकवली. ही इंजिनं इंच मापाची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर: १२ नंबरचा पाना शिरत नाही, १३ चा हलतो. ९/१६ म्हणजे १४.२९: १४ चा जात नाही, १५ चा खुळखुळतो. पाना असा 'मधला' लागला तर बोल्ट जुना, इंची. १३ चा चपखल बसला तर बोल्ट नंतरचा. मात्र ५/८ आणि ३/४ हे दोन फसवे आहेत, कारण ५/८ म्हणजे १५.८८, त्याला १६ चा छान बसतो, आणि ३/४ म्हणजे १९.०५, त्याला १९ चा जेमतेम जातो. तिथे थ्रेड पिच गेजच लावायला हवा. मॅनिफोल्डचे निम्मे नट मेट्रिक निघाले.

बोअर मोजला. मूळ माप ७९.३८ मिलिमीटर. खाली, जिथे रिंग पोचत नाही तिथे ८०.१४ आलं, वरच्या टोकाला ८०.३१. वरच्या आणि खालच्या मापातला फरक म्हणजे झीज. खालचं माप म्हणजे बोअरिंग करताना मशीननं ठेवलेलं माप: मूळच्यापेक्षा ०.७६ मिलिमीटर, म्हणजे तीस थाऊ मोठं. म्हणजे सिलिंडर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकलेले. ज्यांना गणिताची हौस आहे त्यांच्यासाठी: मूळ इंजिन २१९९ सीसी, आता ते २२४२ सीसी झालंय. कोणीतरी फुकटात ४३ सीसी वाढवून दिलेत. व्हर्नियरनं फक्त वरचं टोक मोजलं असतं, तर झीज आणि बोअरिंग एकत्र मोजून भलताच आकडा आला असता. (लॅब असिस्टंट सर, बोअर गेज सुखरूप आहे.)

इथेही एक आडवळण आहे. ओव्हरसाईज म्हणजे नंतरचं काम, असं नेहमीच नसतं. विलीजच्या कारखान्यातूनच काही इंजिनं दहा थाऊ मोठ्या पिस्टनसह निघत, आणि मग इंजिन नंबरच्या शेवटी 'बी' अक्षर ठोकलेलं असे. मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग दहा थाऊ अंडरसाईज असतील तर 'ए', दोन्ही असेल तर 'एबी'. पण तीस थाऊ हे कारखान्याचं काम नव्हे.

कार्ब्युरेटर मूळचा कार्टर असायला हवा होता, होता सोलेक्स. मूळची वायरिंग सहा व्होल्टची. आता डायनॅमो, कॉईल सगळं बारा व्होल्टचं. बॉनेटच्या आतल्या पितळी पाट्यांबद्दल गिऱ्हाईक फारच उत्सुक होते म्हणे, पण पाट्यांना मी शून्य मार्क देईन. तशा नव्या पाट्या आज बनवून मिळतात, आणि चार स्क्रू लावायला अक्कल लागत नाही.

ब्लॉक का बदलला?

हा प्रश्न आम्ही मामांना विचारला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांना वाटलं, आपण चोरीचं इंजिन बाळगलं की काय इतकी वर्षं. खरं म्हणजे पुन्हा ठोकलेला नंबर दिसला की पहिला संशय तोच येतो, आणि यावा.

मग आजीला आठवलं. आजी ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, एका मे महिन्यात तेंदूपानाच्या हंगामात एटापल्लीकडून येताना गाडी तापली, पाणी संपलं, आणि क्लीनरनं नाल्याचं पाणी आणून भसकन ओतलं. "टन्न करून आवाज आला म्हणत होते तुह्ये आजे." पुढे गाडी दोन महिने उभी होती.

हे ऐकल्यावर आमच्यापैकी दोघांनी एकदमच "थर्मल स्ट्रेस" असं म्हटलं. साईड व्हॉल्व्ह इंजिनाचा हा कच्चा दुवाच आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे जळालेल्या वायूची सगळी धग व्हॉल्व्हच्या सीटजवळ येते, आणि सीट व सिलिंडर यांच्यामधली लोखंडाची भिंत अरुंद असते. आपल्याकडच्या ४५-४६ अंशांच्या उन्हात कोरडं पडलेलं इंजिन, त्यात अचानक गार पाणी. बाहेरचा थर आकसतो, आतला फुगलेलाच असतो, आणि ओतीव लोखंड ताण सहन करत नाही. भेग तिथेच जाते.

लोखंडी पेटीत शोधाशोध झाली. तिच्यात जुन्या पावत्यांमध्ये एका वर्कशॉपचं हातानं लिहिलेलं बिल मिळालं, १९६३ सालचं: जुना ब्लॉक बाद, दुसरा ब्लॉक, बोअरिंग, पिस्टन सेट, मजुरी. आणि शेवटच्या ओळीत "नंबर पंचिंग" असं लिहून दोन रुपये. म्हणजे कागद जुळावेत म्हणून त्यांनी जुन्या ब्लॉकचा नंबर दुसऱ्या ब्लॉकवर ठोकला, आणि तसं बिलात उघडपणे लिहिलंसुद्धा! त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नसावं. त्या बिलानं मामांच्या चेहऱ्यावर जेवढं रक्त परत आणलं, तेवढं आमच्या कुठल्याच मापानं आणलं नसतं.

तरीही आज हे चालत नाही. इंजिन बदललं तर ते आरटीओला कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. स्वतः पंच मारायचा अधिकार कोणालाच नाही. ज्यांच्या घरी जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी आणखी एक माहिती. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली असेल, तर तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. मामांची गाडी यात बसणं अवघड. ब्लॉक सोडा, मागचा सागवानी हौदाच तिचं मूळ रूप नाही. तेव्हा अर्ज करण्याआधी हे सगळं तपासा, नाहीतर फीचे पैसे आणि फेऱ्या दोन्ही वाया.

निकाल

आम्ही एका फूलस्केपवर लिहून दिलं. चेसिस विलीज एमबीचं, मूळचं. ब्लॉक आणि टायमिंग गिअर युद्धानंतरच्या विलीज जीपचे, १९६३ साली बदललेले. नंबर तेव्हा पुन्हा ठोकलेला, बिल सोबत. काही बोल्ट फोर्डचे, युद्धकाळातले. पिस्टन तीस थाऊ ओव्हरसाईज. कार्ब्युरेटर आणि इलेक्ट्रिकल नंतरचं. खाली तिघांच्या सह्या, रोल नंबरसकट. (सवय.)

मिस्त्रीचाचांना हे पटलं नव्हतं. ते म्हणाले, "नंबर जुळतोय, कागद साफ आहे, गिऱ्हाईकाला साचा वगैरे कशाला दाखवता?" मामांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "चाचा, त्यो मानूस नागपूरले जाऊन इंजन खोलनच ना. मंग माह्या बापाचं नाव खराब होईन का तुमचं?"

गिऱ्हाईक दुसऱ्या आठवड्यात आले. कागद वाचला, ब्लॉकवरचा ओतलेला नंबर स्वतः बोटानं चाचपून बघितला, आणि इंजिनाची किंमत जवळजवळ शून्य धरली. मात्र चेसिसचे त्यांनी आमच्या अंदाजापेक्षा बरे पैसे सांगितले, कारण इथे काय खरं आणि काय बदललेलं हे लेखी मिळत होतं. शिवाय ते 'एफ' वाले दोन बोल्ट त्यांना वेगळे हवे होते, दोनशे रुपयांना एक!

मामांनी अजून हो म्हटलेलं नाही. ॲडमिशनला जूनपर्यंत वेळ आहे. दरम्यान आरसी बुकातल्या नोंदीसाठी बिलाची झेरॉक्स जोडून त्यांनी अर्ज दिला आहे, आणि चाचा हेड गॅस्केट शोधतायत. नागपूरला इतवारीत मिळेल असं कोणीतरी सांगितलंय. कोणी त्या बाजूला जाणार असेल तर रूम नंबर १४ मध्ये येऊन भेटावे. जुन्या गॅस्केटचा ठसा कागदावर काढून ठेवला आहे, तो सोबत न्यावा. "जीपचं द्या" एवढंच म्हटलं तर दुकानदार हरिकेनचं देईल.